लहान मोटारीचे पडदे

शिवणकाम कोणी शिकवलं असं विचारलं तर मी आईचं नाव सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. झबली आणि उशांचे अभ्रे आईनं शिकवले. बाकीचं सगळं, म्हणजे गोलाईला कापड कुठे चिमटायचं, तिरकी कड ताणू न देता टीप कशी मारायची, तार ओवायचा नेफा किती रुंद ठेवायचा, हे मला एका मोटारीनं शिकवलं. एका म्हणजे एकाच जातीच्या. तशा चार आल्या आणि चारींचे पडदे मी शिवले.

तिच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या बाजूला त्या नावानं तिला कोणी ओळखतच नव्हतं. मुरूडला दोन-तीन लांबलचक गाड्या होत्या, त्या नुसत्या मोटारी. ही लहान मोटार. पुढे मुंबईत टॅक्सी म्हणून तीच धावायला लागली, डॉक्टर, वकील, व्यापारी, ज्याला त्याला तीच हवी झाली, तरी आमच्याकडे तिचं नाव बदललं नाही. दर चार-पाच वर्षांनी ती नवं रूप घेऊन यायची. मग पुरुषमंडळी अंगणात तिच्याभोवती उभी राहून चढणीवर दम किती टिकतो नि स्प्रिंगा कशा आहेत यावर तासन्‌तास बोलायची. मला विचाराल तर तिच्यात खऱ्या बदलल्या त्या काचा. प्रत्येक नव्या गाडीत काच वाढत गेली, आणि काच वाढली की माझं कापड वाढायचं.

पहिली आली तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील. मी दहा-अकरा वर्षांची होते. आमचं गाव काशीदच्या जरा अलीकडे, मुरूडच्या बाजूला. वडिलांचा नारळ-सुपारीचा व्यापार. त्यांना आम्ही बा म्हणायचो. रेवदंड्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन मचवे शेजारी शेजारी बांधून, वर फळ्या टाकून, भर उधाणाच्या भरतीला बांनी ती मोटार अलीकडे आणली. अर्धा गाव किनाऱ्यावर उभा होता. मी नव्हते, मुलींनी तिथे जायचं नव्हतं. मी ती पाहिली घरी आल्यावर. काळी, कमानदार, चाकांवर वेगळी छपरं, पुढे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. मागची काच म्हणाल तर हातरुमालाएवढी.

दुसऱ्याच दिवशी बांनी आईला सांगितलं की मोटारीला पडदे हवेत. आमच्या घरातल्या बायका बुरख्याशिवाय बाहेर पडत नसत आणि बैलगाडीलाही चादर बांधायची पद्धत होती, तेव्हा मोटारीला पडदा हे ओघानंच आलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आज मी उगाच तसं सांगणार नाही. उलट आईनं काम माझ्यावर सोपवलं म्हणून मी आठवडाभर शेजारणींना भाव दिला नाही. बारीक फुलांची छीट होती. बाजूच्या चार काचा, मागची एक, आणि पुढची बैठक नि मागची बैठक यांच्या मधला एक मोठा, कारण चालवायला ठेवलेला माणूस बाहेरचा होता. वरून नेफा, नेफ्यात तार, तारेची टोकं आकड्यांत अडकवलेली.

पहिल्या दोन फेऱ्या मला अजून आठवतात. वारा आत शिरला की छीट उडायची आणि फटीतून बाहेरचं दिसायचं. समुद्राचा तुकडा, मग सुरूची झाडं, मग पुन्हा समुद्र. मी आईच्या मांडीला खेटून बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं हसत होते. आत्या दोनदा ओरडली. मुरूडच्या बाजारातून जाताना पडदा असा काही उडाला की आत्याचा चेहरा पानवाल्याला दिसला. घरी आल्यावर केवढा गहजब झाला! आत्या म्हणाली, असल्या परद्यापेक्षा चालत गेलेलं बरं.

तेव्हा मी एक शक्कल काढली. म्हटलं, पडद्याला खालूनही नेफा घालू, खालूनही तार ओवू, म्हणजे कापड ताठ राहील आणि वारा काही करू शकणार नाही. बा खूश झाले. आल्या-गेल्याला सांगायचे, ही माझ्या पोरीची अक्कल. मला मुरूडहून बांगड्या आणल्या. खालची तार आमच्या बाजूला माझ्या आधी कोणी घातली नव्हती, माझ्यानंतर सगळ्यांनी घातली.

तिसऱ्या फेरीला मी आत्याच्या मांडीवर ओकले.

वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या कोणाच्याच आलं नाही. चारी बाजूंनी ताठ कापड, आत पेट्रोलचा वास आणि अत्तराचा, गाडी वळणावर वळणं घेतेय आणि डोळ्यांना मात्र समोर फक्त बारीक फुलं दिसताहेत, तीही जागची न हलणारी. पोट ढवळणार नाही तर काय होणार? पण तेव्हा मी पुन्हा ओकले, मग पुन्हा, आणि घरात ठरून गेलं की या पोरीला मोटार लागते. एखाद्याला दमा असतो, एखाद्याचा डोळा तिरळा असतो, तसं माझं हे. आईनं शेजारणींना सांगितलं, शेजारणींनी गावाला. माझ्या लग्नाच्या वेळी माणगावहून चांगलं स्थळ आलं होतं. आईनं नको म्हटलं. इतक्या लांब दिली तर पोर माहेरी कशी येईल, तिला मोटार लागते.

म्हणून मला त्याच रस्त्यावर चार मैलांवर दिली. सासरा बांच्या नात्यातला, मी त्याला आधीपासून चाचा म्हणायची आणि सासूला चाची. लग्नानंतरही तेच चालू राहिलं. नवरा मुंबईला होता. गोदीजवळ एका बोटकंपनीच्या कचेरीत कारकून. लग्नाआधीच त्यानं माझगावला खोली घेऊन ठेवली होती. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यानं मला खोलीचा नकाशा काढून दाखवला. इथे चूल, इथे पलंग, इथे खिडकी. खिडकीपाशी तुझं मशीन ठेवू म्हणाला. मी तो कागद ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. मला त्या खोलीत जायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात मनापासून हवी होती आणि तिला कोणाचा विरोध नव्हता. चाचा हो म्हणाले होते, बा हो म्हणाले होते. अडचण फक्त अकरा मैलांच्या रस्त्याची होती.

मुंबईला जायचं म्हणजे आधी खाडीपर्यंत मोटार, मग खाडी ओलांडणाऱ्या होडीनं रेवदंडा, मग एस.टी.नं अलिबागवरून रेवसला, तिथून लाँच. चाचांकडे तोवर लहान मोटारीचं दुसरं रूप आलं होतं. पहिलीपेक्षा गुबगुबीत, सगळे कोपरे घासून गोल केलेले. गिअरचा दांडा खालून निघून स्टिअरिंगच्या चक्राशेजारी आला होता. पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला आणि मूठ पुढे. चाचांना त्याचं फार कौतुक. बसायला सोपं, म्हणायचे, पाठ केली की बसलं. काचांना मात्र कड सरळ अशी राहिलीच नव्हती. हिरव्या पॉपलीनचे पडदे मी नव्या नवरीच्या हौसेनं शिवले, वर तार, खाली तार, मागच्या काचेला दीड हात कापड लागलं.

मग मी त्यात बसले. चाचीनं माझ्या हातात लिंबू दिलं, दाताखाली लवंग दिली, पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधली. माझ्या आईनं ताईत पाठवला होता. एवढी तयारी हजच्या यात्रेला कोणी करत नसेल. काशीदच्या अलीकडच्या चढणीवर मी पहिल्यांदा गाडी थांबवायला लावली. दुसऱ्यांदा काशीदच्या सुरूच्या बनाशी. तिसऱ्यांदा मला उठताच येईना. नवरा तांब्या घेऊन शेजारी बसला होता, त्याच्या नव्या शर्टाची बाही भिजली होती, आणि तो सारखा घड्याळ बघत होता कारण भरती गेली असती तर होडी लागली नसती. शेवटी चालवणाऱ्यानंच म्हटलं, बाईंचं पुढं काय व्हईल? ही तर आपल्या घरची मोटार. पुढं एस.टी. हाय, लाँच हाय. नवरा उतरला, रस्त्यावरून येणाऱ्या एका बैलगाडीत त्याची ट्रंक टाकली आणि तो खाडीकडे गेला. मोटार मला घेऊन मागे वळली.

लोक आज विचारतात, मग बैलगाडीनं का नाही गेलीस? घरात मोटार असताना सुनेला बैलगाडीनं धाडायचं, म्हणजे चाचांची काय शोभा राहिली असती? आणि धाडलं असतं तरी खाडीपलीकडचं काय? जिला अकरा मैल सोसत नाहीत तिला लाँचमध्ये कोण बसवणार? मुरूडहून आगबोट जायची, तिचं तर नाव काढायची सोय नव्हती. सगळ्यांना माझी काळजी होती. मी कोणावर चिडायचं तेच मला कळत नसे. नवरा ईदला यायचा आणि मे महिन्यात यायचा. बाकीचे दिवस मी आणि चाची.

चाचीबद्दल नीट सांगायला हवं. छळणारी सासू नव्हती ती. तिच्या तिन्ही मुली दूर दिलेल्या, एकुलता एक मुलगा मुंबईत, चाचा दिवसभर वाडीत नाहीतर वखारीत. तिला बोलायला फार लागायचं. दुपारी भांडी आवरली की ती ओटीवर सूप घेऊन बसायची, तांदळातले खडे वेचायची आणि बोलायची. कोणाच्या निकाहात बिर्याणी करपली, कोण आफ्रिकेला गेला तो आलाच नाही, कोणत्या नणंदेनं कोणाचे कान भरले. नकला तर अशा करायची की मी हसून हसून आडवी व्हायची. मी तिच्याजवळ रडले तर ती माझी पाठ चोळायची. म्हणायची, "नशीब गो तुजं. अल्लानं तुला सगलं दिलं, हे येक न्हाय दिलं." मला ती आवडायची. हे मी आता लिहितेय तेही खरं आहे आणि पुढे लिहीन तेही.

नवऱ्याच्या पत्रात मोटारीच्या बातम्या असायच्या. तो गोदीवर मोटारींची खोकी उतरताना पाहायचा, कंपनीतल्या लोकांशी बोलायचा. नवं मॉडेल येतंय, मागची बाजू लांब केलीय, बैठक खाली घेतलीय, धक्के बसत नाहीत म्हणतात, ही तुला लागणार नाही. चाचांना नव्या गाडीची हौस होतीच, त्यात सुनेच्या नावाचं निमित्त. आपल्या पाहुण्यांना ते सांगायचे, सुनेसाठी घेतोय. तिसरी आली तिला मागे दोन शेपट्या होत्या, माशाच्या परांसारख्या वर उचललेल्या, कडेनं चकचकीत पट्टी. पुढच्या दाराला एक तिकोनी काच आली होती, कलती फिरवली की वारा तोंडावर घेणारी. त्या तिकोनी काचेनं माझा जीव खाल्ला. एवढ्याशा कापडाला तीन कोपरे, तिन्हींत तार बसेना. दोन दिवस शिवून उसवलं. आणि मागची काच! ती आता नमाजाच्या जानमाजाएवढी झाली होती. मोतिया सॅटीन घेतलं. पडदे लागल्यावर चाचीनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "येकदम कबर केलीस गो, काय दिसत न्हाय आत." तिनं ते कौतुकानं म्हटलं आणि मीही कौतुक समजले.

तोवर मुलगी झाली होती, दीड वर्षाची. या खेपेला जाणारच असं मी ठरवलं होतं. ट्रंक भरली, मशीन गोणपाटात बांधलं. दोन दिवस आधीपासून काही खाल्लं नाही, म्हणजे पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार? आलंच. काशीदही गाठलं नव्हतं. आणि मग माझ्या मांडीवर मुलगी ओकली. एकदा, दोनदा. ती पांढरीफटक पडली, तेव्हा मीच मधल्या पडद्यावर हात आपटून गाडी वळवायला सांगितलं. घरी चाचीनं तिला पोटाशी धरलं आणि ओटीवर जमलेल्या बायकांना सांगितलं, "आयेवर गेली पोर. हिलाबी लागते." मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं आणि धुतच राहिले. माझं जे झालं ते झालं, पण त्या पोरीचंही माणगावचं स्थळ त्याच दिवशी मोडलं असं मला वाटलं. दीड वर्षाच्या पोरीचं!

त्यानंतर पाच वर्षं मी निघण्याचं नाव काढलं नाही. मशीन गोणपाटातून सोडलं. खोलीचा कागद ट्रंकेत होता, पण मी तो उघडून बघायची नाही. नवरा येऊन जाऊन होता. त्याला खानावळीच्या जेवणाची सवय झाली होती आणि मुलीला तो आल्यावर पहिले दोन दिवस लाजायची सवय. सकाळी ओटीवरून मोटार गेलेली दिसायची, तिच्या शेपट्या दिसायच्या, मग धूळ दिसायची. सगळ्या गावात आमच्या घरी मोटार आणि आमच्याच घरातली मी कुठे जाऊ शकत नव्हते. कधी कधी राग असा यायचा की कात्री हातात धरवत नसे.

चौथी आली ती वैशाखात. पांढरी, शेपट्या कापून आखूड केलेल्या, जाळी रुंद. आणि पुढची दारं सुलट झाली होती, चारचौघींच्या दारांसारखी. चाचांना ते पटलं नाही, ते तीन दिवस पाठ करून बसायला जायचे आणि डोकं आपटून घ्यायचे. नवरा सुटीवर आला होता. तो मुंबईत गाडी चालवायला शिकला होता आणि त्याचं त्याला कोण अप्रूप. मी टेप आणि वही घेऊन काचांची मापं घ्यायला गाडीत शिरले होते. दुपारची वेळ, उन्हानं अंगण तापलेलं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी पुढच्या बैठकीवर गुडघे टेकून तिकोनी काच मापत होते, तेवढ्यात हा चक्रामागे येऊन बसला.

"नीट बस," म्हणाला. "वळणापर्यंत जाऊन येऊ."

"अहो, पडदे कुठे आहेत?"

"पदर घे की. कोण आहे बघायला या उन्हात?"

मी पदर ओढला आणि टेप घट्ट धरून बसले. गाडी निघाली. मी पहिल्यांदा काचेतून रस्ता माझ्याकडे येताना पाहिला. तांबडा रस्ता, डाव्या हाताला समुद्र, अख्खा, तुकड्यातुकड्यांत नव्हे. वळण दिसायचं, मग गाडी वळायची, आणि माझं अंग आपोआप तिच्याबरोबर वळायचं. पहिलं वळण गेलं. मी पोटाकडे लक्ष देऊन बसले होते. दुसरं गेलं. नवरा माझ्याकडे बघत होता. चढ आला, तो उतरला, काशीदचं सुरूचं बन आलं, आणि तरीही काही नाही. "थांबवू का?" त्यानं विचारलं. "पुढे चला," मी म्हटलं. आम्ही खाडीपर्यंत गेलो. पलीकडे रेवदंडा दिसत होता, होडीत माणसं चढत होती. मला भूक लागली होती. एवढंच झालं होतं मला, भूक. आणि मग मी रडायला लागले, तेव्हा नवऱ्याला वाटलं आता ओकणार, म्हणून त्यानं घाईनं दार उघडलं.

परतीच्या वाटेवर मला त्या पहिल्या दोन फेऱ्या आठवल्या, खालची तार घालण्याआधीच्या. छीट उडत होती, मी हसत होते, मला काहीही झालं नव्हतं. मी खालची तार घातल्यापासूनची वर्षं मनात मोजली, पण तो आकडा नवऱ्याला सांगितला नाही.

घरी आल्याबरोबर मी धावत ओटीवर गेले. चाची सूप घेऊन बसली होती. मी तिच्यापुढे बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि एका दमात सगळं सांगितलं. मला मोटार लागत नाही, चाची. मला पडदा लागतो. बाहेर दिसलं की काही होत नाही. पोरीलाही होणार नाही. वाटलं ती उठून मला मिठी मारेल.

तिनं हात सोडवून घेतले आणि सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं तिला माझं बोलणं कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"ठाव व्हतं गो. मी नवरी व्हते तवा बैलगाडीला चादर बांधून मला आनली. मी सगल्या वाटंत ओकली. माज्या आयेनं मंग सांगितलं, परदा जरा बोटभर सरकवायचा, लांब बगत बसायचं, उलटी थांबते. मी तसंच करायची."

"मग मला का नाही सांगितलंत?"

तिनं सुपातले तांदूळ बोटांनी पसरले. 

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," ती म्हणाली. "मंग मी कोनाशी बोलली असती?"

मी उठले. मला तिला मारावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. दहा वर्षं तिनं माझी पाठ चोळली, माझ्या हातात लिंबं दिली, माझ्या पोटावर कागद बांधले, आणि बोटभर पडदा सरकव एवढं सांगितलं नाही. मी आत जाऊन ट्रंक ओढली. ती माझ्यामागे आली नाही. बाहेर सुपाचा आवाज चालू राहिला.

पडदे मी शिवले. चाचांच्या इभ्रतीचा प्रश्न होता आणि भांडायला माझ्यात जोर उरला नव्हता. पांढऱ्या गाडीला निळी पॉपलीन. वर नेफा, वर तार, खालून नुसती साधी दुमड. चाचांनी पाहिलं, कापड चिमटीत धरून हलवलं आणि सोडून दिलं. आठव्या दिवशी आम्ही निघालो. मी बोटभर नव्हे, चांगला वीतभर पडदा सरकवून बसले आणि मुलीला खिडकीशी घेतलं. तिनं खाडीपर्यंत समुद्रात होड्या मोजल्या. निघताना चाचीनं मुलीचा मुका घेतला, माझ्याकडे बघून खुदा हाफिज म्हणाली. मी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक नाही म्हटलं.

माझगावची खोली कागदावर होती तशीच होती. इथे चूल, इथे पलंग, इथे खिडकी. खिडकीपाशी मशीन. सकाळी नवरा कचेरीत जायचा, मुलगी शाळेत, आणि दाराला आतून कडी घातली की मी आणि भिंती. शेजारी एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला हैदराबादकडचे. बऱ्या होत्या बायका, पण काय शिजवलं आणि पाणी आलं का, याच्यापुढे गाडी जायची नाही. खाली रस्त्यावर काळ्यापिवळ्या लहान मोटारी दिवसभर जात-येत, चारींतलं प्रत्येक रूप मी वरून ओळखायची, काचेवरून. हे सांगायला कोणी नव्हतं. दुपारी मी मशीन थांबवून मोठ्यानं बोलायची. एकदा चाचीची नक्कल केली, मी केली आणि मीच हसले.

पावसाळ्यात एका सकाळी मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती. मी तिला जवळ बोलावलं, कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "अंग गरम लागतंय. आज नको जाऊस." तिनं आनंदानं दप्तर टाकलं. तो दिवस फार छान गेला. आम्ही दोघींनी तांदूळ निवडले, मी तिला आत्याची आणि पानवाल्याची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा हात ठेवला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनदा. नवऱ्याला सांगितलं की पोर नाजूक आहे, मुंबईची हवा तिला सोसत नाही. त्यानं मान डोलवली. त्याला काय, त्याला अशा गोष्टी ऐकायची सवय होती.

मग एका सकाळी मी काही म्हणण्याआधीच ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दप्तर खांद्यावर नव्हतंच. तिनं आपण होऊन कपाळ पुढे केलं आणि विचारलं, "मा, मी आजारी हाय का गो?"

कपाळ थंड होतं. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि ती माझ्याकडून समजून घ्यायला आली होती.

मी तिचा हात धरून तिला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं. येताना पोस्टातून आंतर्देशीय घेतलं आणि खिडकीपाशी बसून चाचीला पहिलं पत्र लिहायला घेतलं. चाचीला वाचता येत नव्हतं. पत्र चाचा वाचून दाखवणार, तेही ओटीवर, चार माणसांत. तुम्ही माझं केलंत तेच मी पोरीचं केलं, हे लिहायचं होतं, पण ते त्यांच्या तोंडून तिला कसं ऐकवणार?  मुलगी बरी आहे, रोज शाळेत जाते, एवढंच लिहून पत्र पेटीत टाकलं.